सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नाही? छे!

फेस्टचं रजिस्ट्रेशन रात्री बाराला ओपन होतं, बारा वाजून दोन मिनिटांनी साइट मान टाकते आणि टेक टीमच्या ग्रुपवर शिव्यांचा पाऊस सुरू होतो. वर्षभरात त्या साइटवर गर्दी असते जेमतेम दोन तास. तेवढ्यासाठी बारा महिने तगडा सर्व्हर भाड्याने घ्यायचा, की स्वस्तातला घेऊन ऐनवेळी तोंडघशी पडायचं?

या कोंडीवर उतारा म्हणजे 'सर्व्हरलेस'. नाव तसं फसवंच. सर्व्हर असतोच, फक्त तो सांभाळायची कटकट आपली नसते. अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये 'लॅम्डा' आणलं. कोडचा तुकडा, म्हणजे फंक्शन, अपलोड करायचं. रिक्वेस्ट आली की ते चालतं, गर्दी वाढली की त्याच्या प्रती वाढतात, कुणी फिरकलंच नाही तर फंक्शनचं बिल शून्य. महिन्याच्या पहिल्या १० लाख रिक्वेस्ट फुकट. फेस्टला आणखी काय हवं?

हवं असतं, कारण मध्ये अंतर येतं. ट्युटोरियल बघून केलेला प्रोजेक्ट बऱ्याचदा अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जाऊन बसतो. मुंबईपासून साधारण १३ हजार किलोमीटर! फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद, आणि समुद्राखालच्या केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, निदान ते तरी निवडा.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे 'एज'. क्लाउडफ्लेअरने २०१७ मध्ये 'वर्कर्स' जाहीर केलं. यात फंक्शन जगभरातल्या शहरांत पसरतं आणि युजरच्या जवळच्या ठिकाणी चालतं. मग सगळंच एजवर का नको? इथेच बरेच जण फसतात. फंक्शन मुंबईत आणि डेटाबेस व्हर्जिनियात असेल, तर एकामागून एक तीन क्वेरी म्हणजे सातासमुद्रापार तीन फेऱ्या. त्यापेक्षा फंक्शन डेटाबेसशेजारी बरं.

म्हणून कामं वाटून द्यायची. पोस्टर, वेळापत्रक, लॉगिनचा टोकन तपासणं, बॉट हाकलणं हे एजवर. वर्कशॉपच्या किती जागा उरल्या, याचा हिशोब मात्र क्लाउडमध्ये, एकाच जागी. तो एजवरच्या शिळ्या कॉपीवरून केलात तर शेवटची सीट दोघांना जाईल आणि भांडण सोडवायला तुम्हालाच स्टेजमागे पळावं लागेल. सर्टिफिकेटचे पीडीएफ बनवणंही क्लाउडकडेच. लॅम्डाला एका वेळी १५ मिनिटं मिळतात, वर्कर्सच्या फुकट प्लॅनमध्ये सीपीयूची जेमतेम १० मिलिसेकंद.

आणि हो, खात्याला कार्ड बहुधा बाबांचं जोडलेलं असतं. फाइल अपलोड झाली की चालणारं फंक्शन त्याच फोल्डरमध्ये नवी फाइल टाकू लागलं, तर ते स्वतःलाच बोलावत बसू शकतं, आणि मीटर पळत राहतं. बजेट अलर्ट लावाच, पण तो फक्त ईमेल पाठवतो, फंक्शन थांबवत नाही. लॅम्डाच्या कन्सोलमध्ये 'थ्रॉटल' नावाचं बटण आहे. ते कुठे आहे, हे फेस्टच्या आधीच बघून ठेवा.