खात्यात पैसे आले, मूल कोणाजवळ आहे?

१० जून २०२३ रोजी जबलपूरहून मध्य प्रदेश सरकारने सव्वा कोटी बायकांच्या बँक खात्यांत प्रत्येकी हजार रुपये पाठवले. लाडली बहना योजनेचा तो पहिला हप्ता. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रानेही तोच रस्ता धरला आणि जुलै २०२४ पासूनचे दरमहा दीड हजार रुपये लाडक्या बहिणींच्या खात्यांत जमा होऊ लागले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती, त्यामुळे जबलपूर मराठी माणसाला परके नाही. आता तिथे सुरू झालेली रीत आपल्याही घराघरांत पोचली आहे. म्हणूनच गरीब घरातल्या लहान मुलांसाठी त्या भागात गेल्या पन्नास वर्षांत काय काय झाले, याचा मागोवा आपल्यालाही घ्यायला हवा. तो घेताना मला एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. मदत वाढली, ती आईच्या नावाने आणि आईच्या हातात पोचू लागली, आणि हे चांगलेच झाले. पण आई कामात असताना तीन वर्षांखालच्या मुलाला सांभाळायचे कोणी आणि दिवसातून चार-पाच वेळा भरवायचे कोणी, हा प्रश्न १९७५ मध्ये जिथे होता जवळपास तिथेच आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्राचे ‘अंगणवाडी’ हे नाव आणि मूळ कल्पना दोन्ही बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून आलेली. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा आग्रह होता. योजनेने पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या उपचारांसाठी पाठवणी, आईला पोषणाची माहिती आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका छताखाली आणल्या. एवढ्या मोठ्या देशात हे पाऊल धाडसाचे होते. मात्र प्रत्यक्षात तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत येऊन बसू लागली, आणि त्याहून लहान मुलांच्या वाट्याला वजनकाटा, लस आणि घरी न्यायचा शिधा आला. धान्याबरोबर आईला सल्लाही मिळे: सहा महिन्यांनंतर वरचे खाणे सुरू करा, थोडे थोडे वारंवार भरवा. या सल्ल्यामागे एक गृहीत होते, की आईला तेवढा वेळ आहे.

जबलपूरच्या भूमीवर हे गृहीत टिकत नाही. हा विड्यांचा जुना मुलूख आहे. सट्टेदाराकडून, म्हणजे विडीच्या ठेकेदाराकडून, तेंदूपाने आणि तंबाखू आणायचा, घरात बसून विड्या वळायच्या आणि हजारावर मजुरी घ्यायची, यावर इथल्या कित्येक घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या पेटत आली आहे. विडी वळणारी बाई घरीच असते, पण तिचे हात मोकळे नसतात. मूल भरवायला घालवलेला अर्धा तास हा तेवढ्या विड्यांचा तोटा असतो, शिवाय रांगते मूल तंबाखूच्या भुकटीशेजारीच वावरते. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात हिवाळ्यात मटार तोडणी असते. चैत्र आला की मंडला-दिंडोरीकडची चैतुआ मजुरांची कुटुंबे कापणीसाठी नर्मदाखोऱ्यात उतरतात, आणि मुलेही त्यांच्याबरोबर बांधावर येतात. त्यांची नावे मात्र गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत मागे राहतात.

कायद्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती बायका एकत्र बसून काम करतात त्या कारखान्यांसाठी. वळणीचे काम मोठ्या प्रमाणावर घराघरांतच होत असल्यामुळे बहुसंख्य बायकांना तिचा उपयोग झाला नाही. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला, आणि त्या कल्याण यंत्रणेचे एक प्रादेशिक कार्यालय जबलपुरातच बसले. निधीचा भर दवाखाने, घरे आणि शाळकरी मुलांच्या शिष्यवृत्त्या यांवर राहिला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर ज्या उपकरातून हा निधी उभा राहत होता तो उपकरच संपला. दरम्यान १९८८ मध्ये इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने ‘श्रमशक्ती’ अहवालात असंघटित कामगार स्त्रियांचा प्रश्न देशापुढे मांडला होता. पाळणाघर ही कष्टकरी बाईची निकड आहे हे तेव्हापासून सरकारी कागदांत येत राहिले आहे, पण कागदावरून वस्तीत उतरले ते फार थोडे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मग कुपोषण कमी कसे झाले? तो रास्त आहे, कारण कुपोषण खरेच घटले आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची ६० टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आले. पंधरा वर्षांतली ही घट लहान नाही, आणि तिचे श्रेय अंगणवाडी सेविकांना, आशा कार्यकर्त्यांना, लसीकरणाला, वाढलेल्या दवाखान्यातल्या बाळंतपणांना आणि न्यायालयालाही द्यायला हवे. २००१ मध्ये दाखल झालेल्या अन्नाच्या हक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी प्रत्येक वस्तीत पोचवा असे बजावले, २००४ मध्ये आहाराच्या पुरवठ्यातून ठेकेदार दूर ठेवायला सांगितले, आणि २००६ मध्ये अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांवर नेण्याचा आदेश दिला. तरीही मध्य प्रदेशात तीनातले एक मूल अजून वजनात मागे आहे आणि ३५ टक्क्यांहून जास्त मुले उंचीत मागे आहेत. खुंटलेली उंची सहसा सहा महिने ते दोन वर्षे या काळातच हातची जाते. देशभर याच वयाच्या जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आणि वैविध्याचा आहार मिळतो, असे तेच सर्वेक्षण सांगते. म्हणजे जिथे घाव बसतो त्या वयापर्यंत आपली मदत सर्वांत कमी पोचते.

याचा सर्वांत बोलका पुरावा मला पोषण पुनर्वसन केंद्रांत दिसतो. मध्य प्रदेशाने ती २००५ नंतर जिल्ह्याजिल्ह्यांत उभी केली. अतितीव्र कुपोषित मूल आईसह साधारण दोन आठवडे तिथे राहते, त्याला ठरावीक वेळाने खास आहार मिळतो, आणि आईला त्या दिवसांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई दिली जाते. या एका ठिकाणी सरकारने मान्य केले आहे, की मूल भरवणे हे वेळाचे काम आहे आणि गरीब बाईच्या वेळाला किंमत आहे. मूल तिथे सुधारते. मग ते त्याच घरी, त्याच सट्टेदाराच्या हिशेबाकडे परत जाते. मरणाच्या दारातल्या मुलासाठी जी गोष्ट आपण पैसे मोजून मान्य करतो, ती त्याआधीच्या वर्षभरात का मान्य करत नाही, याचे पटेल असे उत्तर मला कुठल्याही योजनेच्या कागदात सापडत नाही.

दुसरा आक्षेप रोख रकमेच्या बाजूने येतो: बाईच्या हातात पैसे द्या, काय करायचे ते तिला कळते. मलाही हे पटते. स्वतःच्या खात्यातला पैसा बाईचे घरातले स्थान बदलतो, आणि ती तो मुलांवर खर्च करते हे मान्य करायला मला जराही अडचण नाही. पण लाडली बहनाची रक्कम बाईच्या कडेवर मूल आहे की नाही हे पाहत नाही, तसा तिचा हेतूही नाही. सुरुवातीचे महिना हजार म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. अंगणवाडीतल्या मुलाच्या आहारासाठी २०१७ मध्ये ठरलेला दर होता दिवसाला ८ रुपये, अतितीव्र कुपोषित मुलासाठी १२. त्या आठ रुपयांत धान्य, डाळ, तेल, इंधन सगळे बसवायचे. रोख मदतीची रक्कम २०२३ मध्येच साडेबाराशे झाली, मुलाच्या ताटाची किंमत मात्र महागाई वाढत असताना वर्षानुवर्षे तिथेच राहिली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हजार रुपयांत बाई मुलासाठी दूध आणू शकते, दिवसभर सांभाळणारे माणूस आणू शकत नाही. वस्तीत पाळणाघरच नसेल तर पैसे देऊनही ते मिळणार कुठून?

घरी न्यायच्या शिध्याची कथा वेगळी आणि दुःखाची आहे. हलवा आणि खिचडीच्या तयार मिश्रणाची पाकिटे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी असतात, पण घरात ती सगळ्यांच्याच पोटात जातात, त्यात कोणाचा दोष नाही. दोष वर आहे. २०२२ मध्ये महालेखापालांच्या तपासणीत आढळले, की मध्य प्रदेशात हा शिधा ज्या ट्रकांनी वाहून नेल्याची नोंद होती त्यांतले काही क्रमांक मोटारसायकलींचे आणि रिक्षांचे होते. अंड्यांचा प्रश्नही असाच रखडला: २०१५ मध्ये सरकारने अंडी नाकारली, २०१९ मध्ये दुसऱ्या सरकारने द्यायचे ठरवले, सत्ता बदलल्यावर तेही मागे पडले. जी घरे अंडी खातात त्यांच्या मुलांना ती मिळायला हवी होती, आणि जी खात नाहीत त्यांना दूध-केळी देता आली असती.

उरतो तो खर्चाचा आणि व्यवहाराचा आक्षेप. पाळणाघर महाग पडते, माणसे मिळत नाहीत, आणि घरात आजी असतेच, असे म्हटले जाते. आजी असते तेव्हा बहुधा तीही विड्या वळत असते किंवा शेतावर असते. प्रत्यक्षात मूल सांभाळते ती आठ-दहा वर्षांची मोठी बहीण, आणि तिची शाळा बुडते. २००७ पासून याच राज्यात लाडली लक्ष्मी योजना मुलीने शाळेत टिकावे म्हणून सहावीला, नववीला, अकरावीला पैसे देते. धाकट्या भावंडाची सोय न करता तिला शाळेत टिकवायचे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे आहे. पाळणाघराचा खर्च मोजताना हा बुडालेला शाळेचा खर्च कोणी मोजत नाही. राष्ट्रीय पाळणाघर योजनेची केंद्रे एके काळी देशात वीस हजारांहून अधिक होती. २०१७ मध्ये केंद्राने आपला वाटा कमी केला आणि २०२० पर्यंत ती साडेसहा हजारांच्या आसपास उरली. २०२२ मध्ये ‘पालना’ या नावाने नवी सुरुवात झाली, उद्दिष्ट १७ हजार अंगणवाडी-पाळणाघरांचे. अंगणवाड्या आहेत जवळपास १४ लाख.

हे जमते याचा दाखला दूरचा नाही. २००० पर्यंत मध्य प्रदेशातच असलेल्या बिलासपूर जिल्ह्यात गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगने आदिवासी गावांत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी फुलवाऱ्या चालवल्या. पुढे छत्तीसगड सरकारने आदिवासी विकासखंडांत तशाच फुलवाऱ्या काढल्या: गावातल्याच आया पाळीपाळीने मुले सांभाळत, गरम जेवण तिथेच शिजे, बाकीच्या आया कामावर जात. जबलपूर जिल्ह्यात याची सुरुवात गोंडबहुल कुंडम विकासखंडापासून करता येईल, शहरात विडी वस्त्यांपासून, आणि मटार तोडणीच्या महिन्यांत शेतांजवळच्या हंगामी केंद्रांपासून. त्यासाठी अंगणवाडीची वेळ मजुरीच्या वेळेशी जुळवावी लागेल, आणि सेविकेवर आणखी ओझे न टाकता दुसरी पगारी बाई नेमावी लागेल. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये सेविकेला महिना १३ हजार रुपये ठरले तेही मानधन म्हणून, आणि त्यात केंद्राचा वाटा २०१८ मध्ये ठरलेल्या साडेचार हजारांचाच होता. ज्या दिवशी भोपाळ आणि मुंबई आपल्या हप्त्यांच्या आकड्याबरोबर किती अंगणवाड्यांत तीन वर्षांखालची मुले दिवसभर राहिली आणि जेवली हा आकडाही जाहीर करतील, त्या दिवसापासून या योजनांचा खरा हिशेब मांडता येईल.