पनवेलला उतरून पाहा

मुंबईहून पुण्याला किंवा कोकणात जाणाऱ्याला पनवेल ठाऊक असते ते गाडी बदलण्यापुरते. या ओळखीला दोनशे वर्षे होत आली. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला. मुंबईचा प्रवासी होडीने खाडीतून पनवेल बंदराला उतरे आणि तिथून घाटाकडे निघे. बैलगाडीची चाके घडवण्यात पनवेलने नाव कमावले ते या रहदारीच्या काळात. १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली. पुण्याचा प्रवासी कल्याण-कर्जतवरून परस्पर जाऊ लागला आणि बंदराची रया गेली. पनवेलला रेल्वे आली ती थेट १९६०च्या दशकात.

बंदराच्या चलतीच्या काळातले गाव आजही पायी फिरून पाहता येते. बेने इस्रायली ज्यूंचे बेथ एल सिनेगॉग १८४९चे, म्हणजे १८५२च्या पनवेल नगरपालिकेहूनही जुने. तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज कोकणपट्टीत ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई. पुढे बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. गावातला इस्रायल तलाव मात्र त्याच नावाने राहिला. वडाळे, कृष्णाळे, देवाळे ही तळीही पाहावीत. माझ्या मते पनवेलचे खरे वैभव या तळ्यांतच आहे, आणि नव्या इमारतींच्या गर्दीत तेच सर्वांत आधी धोक्यात येते.

एक अख्खी सकाळ कर्नाळ्यासाठी राखून ठेवा. गोवा महामार्गावर, शहरापासून सुमारे बारा किलोमीटरवर, १९६८ पासून जपलेले हे पक्षी अभयारण्य आहे. पेणकडे जाणारी एसटी इथूनच जाते. दिवस उजाडताच पोहोचलात तर स्वर्गीय नर्तकाची लांब पांढरी शेपटी झाडीत दिसण्याची आशा धरता येते. पायवाटेने वर कर्नाळा किल्ला. पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना मोगलांना द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी हा एक. त्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात. तेव्हा तिथे अत्तर, धूर आणि आरडाओरडा कटाक्षाने टाळावा. वाटेवरचे शिरढोण हे क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार होते, त्यामुळे गाव आणि गड एकाच फेरीत पाहावेत.

खाण्यासाठी पळस्पे फाटा. दत्त स्नॅक्सचा बटाटेवडा आणि पियूष यांसाठी कोकणवासी गाडी थांबवतात. पण थंडीत याल तर ओळखीच्या एखाद्या शेतकऱ्याकडे पोपटी मागा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी. मडके उपडे घालून भोवती पेंढा पेटवायचा. पाणी नाही, तेल नाही. पाल्याचा वास शेंगांत उतरतो, आणि ती चव हॉटेलात क्वचितच मिळते.

येण्याजाण्याची सोय भरपूर आहे. हार्बर लोकलने सीएसएमटीहून थेट येता येते, स्टेशनवरून जुन्या गावात रिक्षा जाते. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, पण ती तळोज्याच्या बाजूला. शहरात येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्याने परगावचा पाहुणा आता पनवेलच्या दारातच उतरू शकतो. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या महापालिकेने त्याच्यासाठी तळी, सिनेगॉग, शिरढोण आणि कर्नाळा जोडणारी बस निदान सुटीच्या दिवशी तरी सोडावी.