सिनेमा मालिकेसारखा का दिसतो?

नवा टीव्ही घेतला की एक तक्रार हमखास ऐकू येते: सिनेमा मालिकेसारखा दिसतो. चित्र लख्ख असतं, रंगही झकास, पण पडद्यावरचा राजवाडा प्लायवूडचा वाटू लागतो आणि नटाच्या चेहऱ्यावरचा मेकअप जाणवू लागतो. याचं खापर बहुतेक वेळा रिफ्रेश रेटवर फुटतं. "१२० हर्ट्झचा टीव्ही आहे ना, त्यात असंच दिसणार," असं सेल्समनही सांगून मोकळा होतो. हे खरं नाही. सिनेमा जसा चित्रित झाला तसाच घरी बघायचा असेल, तर १२० हर्ट्झचं पॅनेल ही फार उपयोगाची गोष्ट आहे. बिघाड होतो तो टीव्हीतल्या एका वेगळ्याच करामतीमुळे, आणि ती बंद करता येते.

आधी दोन आकडे वेगळे करू. एका सेकंदात कॅमेऱ्याने किती चित्रं टिपली, तो फ्रेम रेट. बहुतेक सगळ्या सिनेमांसाठी तो २४ असतो. टीव्हीचा पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र नव्याने दाखवतो, तो रिफ्रेश रेट. तेच चित्र लागोपाठ पाच वेळा दाखवलं म्हणून हालचाल जास्त गुळगुळीत होत नाही. थिएटरमध्येही हेच चालायचं. फिल्मच्या प्रोजेक्टरमधलं फिरतं शटर प्रत्येक फ्रेम दोनदा किंवा तीनदा पडद्यावर टाकायचं, म्हणजे सेकंदाला ४८ किंवा ७२ झोत. एवढे झोत नसते, तर पडदा डोळ्यांसमोर लुकलुकत राहिला असता. म्हणजे आपल्या एकपडदा थिएटरांतही 'रिफ्रेश रेट' फ्रेम रेटपेक्षा जास्तच होता, आणि त्यामुळे कुठलाही सिनेमा मालिकेसारखा दिसला नाही.

दुसरा पक्का समज असा की माणसाच्या डोळ्याला सेकंदाला २४पेक्षा जास्त चित्रं कळतच नाहीत, म्हणून सिनेमावाल्यांनी २४ हा आकडा धरला. डोळ्याला २४ आणि ४८मधला फरक सहज कळतो, ४८ आणि ६०मधलाही बऱ्याच जणांना कळतो. २४ हा आकडा आला तो आवाजामुळे. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, तो याच काळातला. तेव्हा वेग साधारण १६ ते २०च्या आसपास, कधी त्याहून जास्त असे, आणि थिएटरमधला ऑपरेटरही आपल्या अंदाजाने तो कमीजास्त करी. त्या काळच्या चित्रफिती नंतर २४च्या वेगाने दाखवल्या गेल्या, म्हणून त्यातली माणसं तुरुतुरु चालताना दिसतात. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि ही मोकळीक संपली. चित्राचा वेग थोडा हलला तर डोळा खपवून घेतो. आवाजाचा वेग हलला की गाणारा लगेच बेसूर होतो. त्यामुळे वेग कायमचा बांधून घ्यावा लागला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर २४ फ्रेम म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म. आवाज बरा उमटावा एवढा हा वेग होता, आणि निर्मात्याला फिल्मचा खर्च झेपावा इतपत कमीही.

आता टीव्हीकडे येऊ. ६०ला २४ने भाग जात नाही, आणि साध्या टीव्हीची खरी अडचण इथे आहे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर २४ फ्रेम बसवायच्या, तर एक फ्रेम तीन वेळा, पुढची दोन वेळा, पुन्हा तीन, पुन्हा दोन, अशी वाटणी करावी लागते. म्हणजे एक फ्रेम ५० मिलिसेकंद थांबते आणि पुढची ३३. प्रत्येक फ्रेम खरं तर सारखी, जवळपास ४२ मिलिसेकंद थांबायला हवी. दोन माणसं समोरासमोर बसून बोलत असतील तर हा फरक लक्षातही येत नाही. पण कॅमेरा डोंगररांगेवरून सावकाश आडवा सरकू लागला, की चित्र लंगडत पुढे जातं. १२० हर्ट्झवर हिशेब सरळ होतो: प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा. कुठेही काही वाढवलं नाही, बदललं नाही. जास्त रिफ्रेश रेटचा सिनेमाला होणारा खरा फायदा हा.

आपल्याकडे दूरदर्शनच्या जमान्यात वेगळाच तोडगा होता. आपली पद्धत ५० हर्ट्झची, सेकंदाला २५ फ्रेमची. या पद्धतीत २४ फ्रेमचा सिनेमा सरळ २५च्या वेगाने पळवत. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपे आणि गाण्यांचा सूर थोडा चढा लागे. घरोघरी तो तसाच ऐकला गेला.

मग मालिकेसारखं दिसतं ते कशामुळे? त्या करामतीला मोशन स्मूदिंग म्हणतात. सोनीच्या टीव्हीत ती मोशनफ्लो या नावाखाली असते, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगच्या अनेक मॉडेलांत ऑटो मोशन प्लस. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त टीव्हींच्या खोक्यावर एमईएमसी ही अक्षरं असतात, ती हीच. टीव्हीतली चिप लागोपाठच्या दोन फ्रेम घेते, चित्राचा कुठला भाग कुठून कुठे सरकला याचा अंदाज बांधते आणि मधल्या फ्रेम स्वतः तयार करते. ती पूर्ण जोरात चालू असेल तर १२० हर्ट्झच्या पडद्यावर सेकंदाला ९६ फ्रेम अशा दिसतात, ज्या कुठल्याही कॅमेऱ्याने टिपलेल्या नाहीत. खिडकीच्या गजांमागून कुणी धावत जात असेल तेव्हा नीट बघा. चिपला गज कुठला आणि माणूस कुठला हे ठरवता येत नाही, आणि माणसाच्या कडा वितळल्यासारख्या होतात.

अंदाज अचूक आला तरीही सिनेमा बदलतोच. मालिका, बातम्या, क्रिकेट हे सगळं आपण वर्षानुवर्षं व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झालेलं पाहिलं. तो कॅमेरा आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला हालचालीचे ५० टप्पे टिपतो. त्यामुळे गुळगुळीत हालचाल म्हणजे स्टुडिओ, हे डोक्यात बसलं आहे. हा नुसता सवयीचा भाग आहे असं काही जण म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. २४ फ्रेमवर काम करणारा छायाचित्रकार साधारणपणे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा ४८वा भाग उजेड देतो. त्यातून हलणाऱ्या हाताला येणारी धूसरता, कॅमेरा किती सावकाश वळवायचा, सेटचा कुठला कोपरा अंधारात ठेवायचा, हे सगळं तो त्या वेगाला धरून ठरवतो. ती त्याची कारागिरी आहे, आणि घरातल्या चिपने ती परस्पर बदलावी हे मला पटत नाही. खऱ्या जादा फ्रेम टिपूनही हा पेच सुटला नाही. पीटर जॅक्सनने २०१२मध्ये 'द हॉबिट' ४८ फ्रेमवर केला, आंग ली यांनी २०१६मध्ये 'बिली लिन्स लाँग हाफटाइम वॉक' १२०वर. दोन्ही वेळा अनेक प्रेक्षकांना सेट सेटसारखा आणि मेकअप मेकअपसारखा दिसला.

२०१८च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी खास व्हिडिओ करून लोकांना हे स्मूदिंग बंद करायला सांगितलं. पुढच्याच वर्षी काही टीव्ही कंपन्या आणि हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला. तो निवडला की असली सगळी प्रक्रिया एका झटक्यात बंद होते.

खोक्यावरच्या 'मोशन रेट २४०' छापाच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. तो पॅनेलचा रिफ्रेश रेट नसतो. पॅनेल ६०चं आहे की १२०चं, हे वेगळं विचारा.

थोडं स्मूदिंग ज्यांना बरं वाटतं, त्यांचंही म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. थिएटरच्या पडद्याचा उजेड साधारण ४८ निट्स असतो, तर घरचा टीव्ही त्याच्या कित्येक पट उजळ असतो, आणि चित्र जितकं उजळ तितका २४ फ्रेमचा धक्का जास्त जाणवतो. ओएलईडीवर पिक्सेल क्षणार्धात बदलतो, म्हणून तिथे तो आणखी बोचतो. अशा वेळी स्मूदिंगची पट्टी एक-दोन घरांवर ठेवली तर सिनेमा फारसा बिघडत नाही.

सिनेमासाठी पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर ठेवा आणि तरीही मोशनचा पर्याय उघडून बघा, कारण काही टीव्हींत सिनेमा मोडमध्येही तो चालूच असतो. क्रिकेटसाठी वेगळा मोड ठेवला तर तिथलं स्मूदिंग हवं तर राहू द्या. वेगळी स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्स जोडला असेल तर त्याच्या सेटिंगमध्येही डोकवा. त्यातले बरेच सगळं काही ६० हर्ट्झवरच टीव्हीकडे धाडतात, आणि मूळ फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय आपल्यालाच चालू करावा लागतो.