वॉलीबॉलचा खांब आणि स्क्रू पाइल

हॉस्टेलमागच्या ग्राउंडवरचा वॉलीबॉलचा खांब सगळ्यांना माहीत आहे. दरवर्षी नेटकडे झुकणारा! गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्या बुडाला जाड प्लेट वेल्ड केली, चार फूट खड्डा खणला आणि खांब पुरला. पावसाळा संपला, नेट ताणली, आणि खांब पुन्हा वाकडा. मग प्लेटचा उपयोग काय? याचं उत्तर स्क्रू पाइलमध्ये सापडतं.

स्क्रू पाइल म्हणजे पोलादी दांडा आणि त्याच्या खालच्या भागात मळसूत्री पाती. तो पिळत पिळत जमिनीत उतरवतात. ही युक्ती अलेक्झांडर मिचेल या आयरिश इंजिनिअरची. १८३३ साली त्याने पेटंट घेतलं, आणि विशेष म्हणजे तो अंध होता! १८३८ मध्ये थेम्सच्या मुखाजवळ मॅप्लिन सँड्सच्या दीपगृहासाठी असे पाइल बसवले गेले.

वरून दाब आला किंवा कोणी उपटू लागलं, तर पाती मातीला धरून ठेवते. आडवा भार आला की मात्र गणित बदलतं. लांब पाइल वरच्या भागातच वाकतो. साधारण व्यासाच्या दहापट खोलीखाली तो फारसा हलतच नाही. मग तिथली पाती काय करणार? झुंज देतो तो दांडा आणि त्याच्यासमोरची वरची माती.

ब्रॉम्सने १९६४ मध्ये चिकणमातीसाठी सोपा नियम दिला. वरची दीड व्यासाएवढी माती सोडून द्यायची. त्याखाली दर मीटरला कमाल विरोध = ९ × मातीची शिअर स्ट्रेंग्थ × व्यास. स्ट्रेंग्थ ५० किलोपास्कल आणि दांडा १०० मिलिमीटरचा असेल, तर ४५ किलोन्यूटन. व्यास दुप्पट केला की विरोधही दुप्पट, आणि तेवढ्याच जाडीच्या पाइपचा ताठपणा जवळजवळ आठपट!

आखूड पाइल वाकत नाही, अख्खाच कलतो. आमचा खांब याच जातीचा. प्लेटने थोडीफार मदत केलीही असेल, पण वरची माती दगा देत होती. चिकणमातीत खांब मागेपुढे हलला की भोवती फट पडते, तीत पाणी शिरतं, माती मऊ होते. काळी माती तर उन्हाळ्यात स्वतःच भेगाळते. स्क्रू पाइलच्या बाबतीत आणखी एक भानगड: उतरताना पाती माती घुसळते, त्यामुळे तिची ताकद घटते. काही काळाने त्यातली थोडी परत येते.

उपाय काय? दांडा जाड घ्या, वर काँक्रीटची रुंद कॉलर ओता, किंवा पाइल तिरपा बसवा, म्हणजे आडवा भार त्याच्या लांबीच्या दिशेने जातो आणि पातीला खरं काम मिळतं.

म्हणून यंदा आम्ही प्लेटच्या नादी लागणार नाही. वर कॉलर, आणि मागे ताणाची तार एका तिरप्या स्क्रू अँकरला. सिमेंटची वर्गणी काढतोय, तेवढी द्या!