‘हे’ रात्री किती वेळा उठतात?

बचत गटाच्या कामासाठी गावोगाव फिरते, तेव्हा बायका गर्भाशयाच्या, छातीच्या तक्रारी आता मोकळेपणी सांगतात. नवऱ्याच्या लघवीचा विषय मात्र निघता निघत नाही. बैठक संपल्यावर एखादी हळूच म्हणते, “ताई, आमचे हे रात्री चार-चारदा उठतात. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर वयच झालं म्हणतात.”

मैत्रिणींनो, तेवढ्यावर सोडून देऊ नका. पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. वयाबरोबर ती वाढते आणि लघवीची वाट दाबते. धार बारीक होते, जोर लावावा लागतो. बहुतेकांची ही साधी वाढच असते, कॅन्सर नव्हे. पण लक्षणांवरून दोन्हींतला फरक कळत नाही, आणि कॅन्सर सुरुवातीला बहुधा त्रासच देत नाही. लघवीतून रक्त आलं किंवा कंबरदुखी हटेना, तर थांबूच नका. हा कॅन्सर पसरतो तो बऱ्याचदा हाडांत.

डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात. पुरुषमंडळी बिचकतात ती इथेच! खरं तर मिनिटभराचं काम. दुसरी रक्ताची ‘पीएसए’ तपासणी. तिचा आकडा साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही वाढतो, म्हणून लगेच घाबरू नये. शंका राहिली तर एमआरआय, आणि मग सुईने तुकडा घेऊन बायोप्सी. पक्कं निदान बायोप्सीनेच होतं.

कॅन्सर मंद आणि ग्रंथीपुरता असेल, तर कधी कधी नुसतं लक्ष ठेवतात, ठरावीक काळाने तपासण्या करतात. नाहीतर ऑपरेशन किंवा रेडिएशन. त्यानंतर काहींचा लघवीवर ताबा राहत नाही, शरीरसंबंधात अडचण येते. हे दोघांनी मिळून आधीच विचारून घ्यावं. त्यात लाजायचं काय?

पसरलेल्या कॅन्सरमध्ये पुरुषी हार्मोन रोखतात. ही वाट १९४१ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी दाखवली. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इंजेक्शनं घेऊन किंवा अंडकोष काढून हे साधतं. मग पुरुषांनाही अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो, चिडचिड होते, हाडं ठिसूळ होतात. पाळी जाताना आपण हेच तर सोसतो! त्यांना समजून घ्यायला आपल्याइतकं जाणतं दुसरं कोण?

वडील-भावाला हा आजार असेल तर धोका वाढतो. घराण्यात बायकांना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. काही घरांत बीआरसीए-२ या जनुकातला दोष दोन्हींच्या मुळाशी असतो. अशा घरातल्या पुरुषांनी पंचेचाळिशीतच सल्ला घ्यावा, बाकीच्यांनी पन्नाशीत.

खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार होतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन त्याला भेटा, आणि ‘ह्यां’नाही सोबत न्या.