गोल्फचा टोला आणि शरीराचा तोल



गोल्फचा खेळ दुरून पाहणारास फार सोपा वाटतो. क्रिकेटमध्यें चेंडू वेगानें अंगावर येतो, टेनिसमध्यें तो धांवत जाऊन गांठावा लागतो. येथें मात्र तो हिरवळीवर निमूटपणें पडून असतो. त्याचें वजन उणेंपुरें ४६ ग्रॅम आणि व्यास ४३ मिलिमीटरांच्या आसपास. तो अडविण्यास समोर कोणी उभा नसतो. असें असूनहि नवशिक्याची काठी एकदां चेंडूवरून निघून जाते, तर एकदां त्याच्या मागची माती उकरते. मग तो मनगटें आवळतो, अधिक जोर करतो आणि चेंडू अधिकच वांकडा जातो. दोष बहुधा हातांत नसतो; तो उभें राहण्यांत आणि वळण्यांत असतो. त्याचाच विचार आज करावयाचा आहे.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. इंग्रजी अमदानींत तो आपल्याकडे आला; कलकत्त्यास १८२९ सालीं व मुंबईस १८४२ सालीं गोल्फचे क्लब निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभीं काठ्यांचे दांडे हिकरी नांवाच्या लांकडाचे असत. जोराच्या फेऱ्यांत असा दांडा पिळवटतो, आणि तो पिळा सांभाळून टोला साधणें हें हातांचें व मनगटांचें कसब असे. पुढें अमेरिकेंत १९२४ सालीं आणि ब्रिटनमध्यें १९२९ सालीं पोलादी दांड्यांस मान्यता मिळाली. पोलाद फारसें पिळवटत नाहीं. त्यामुळें मनगटांच्या कसबापेक्षां सबंध शरीराच्या सुसूत्र हालचालीस महत्त्व आलें. काठीच्या या संपूर्ण फेऱ्यास खेळाडू ‘स्विंग’ म्हणतात.

प्रथम पवित्रा पाहूं. हा शब्द आपल्या पहिलवानांस आणि दांडपट्टा खेळणारांस नवा नाहीं. लांब पल्ल्याच्या टोल्यासाठीं दोन पावलांत खांद्यांच्या रुंदीइतकें अंतर असावें. गुडघे ताठ नकोत, किंचित् सैल हवेत. भार टांचांवर नको, बोटांवरहि नको. तो तळव्याच्या मध्यावर, चवड्याकडे थोडा झुकता असावा. आतां चेंडूकडे वांकावयाचें, तें पाठीस कुबड आणून नव्हे, तर खुब्यांत. बिजागरीवर दार फिरावें तसें. कणा सरळ राहून पुढें कलावा आणि हात खांद्यांपासून सैल लोंबावेत.

हें साधलें कीं नाहीं याची परीक्षा घरीं करतां येते. एक सरळ काठी पाठीवर उभी धरा. ती डोक्याच्या मागील भागास, दोन खांद्यांच्या मध्यें आणि माकडहाडास अशी तीन ठिकाणीं टेकूं द्या व मग वांका. तिन्ही ठिकाणचा स्पर्श कायम राहिला तर वांकणें खुब्यांत झालें. माकडहाडापाशीं काठी सुटली तर पाठ वांकली असें समजावें.

पाठ वांकल्यानें एवढें काय बिघडतें, असें कोणी विचारील. आपण खुर्चीवर बसून हें भाषण ऐकत असाल तर आतांच प्रयोग करा. पाठ गोल करून, खांदे पाडून बसा व उजवीकडे वळून पाहा. नंतर ताठ बसून तसेंच वळा. दुसऱ्या वेळीं आपण सहज अधिक वळलां असाल. याचें कारण कण्याच्या रचनेंत आहे. कमरेंतील पांच मणक्यांचे सांधे पुढें-मागें वांकण्यासाठीं आहेत; पिळा ते फारच थोडा सोसतात. छातीचे बारा मणके त्यांच्याहून बरेच अधिक वळतात, आणि खुबा तर उखळीचा सांधा, तो चहूंकडे फिरतो. म्हणून वळण्याचें काम छातीनें आणि खुब्यांनीं करावें, कमरेनें नुसतें स्थिर राहावें, हा निसर्गाचाच संकेत आहे. पाठ गोल झाली कीं छातीचें वळणें अडतें, आणि राहिलेला पिळा बिचाऱ्या कमरेच्या वांट्यास येतो.

काठी मागें नेतांना कसलेल्या खेळाडूचे खांदे सुमारें ९० अंश वळतात आणि कटिभाग त्याच्या निम्मा. उजव्या हाताच्या खेळाडूचा भार या वेळीं उजव्या पायाच्या आंतल्या बाजूवर येतो. येथें अंग बाजूस सरकवूं नये. कण्याचा कल तसाच ठेवून त्याच्याभोंवतीं वळावें. ज्याच्या खुब्यांत ताठरपणा आहे त्यानें डावी टांच थोडी उचलूं द्यावी. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

खालीं येतांना क्रम उलटा. प्रथम भार डाव्या पावलावर जातो, मग कटिभाग वळतो, त्यामागून छाती, त्यामागून हात आणि सर्वांत शेवटीं काठी. आसुडाच्या मुठींतला वेग जसा टोंकाकडे वाढत जातो, तसाच हा वेग जमिनीपासून काठीच्या टोंकापर्यंत चढत जातो. नवशिका आधीं हात ओढतो, म्हणून त्याचें शरीर मागें राहतें आणि जोर वायां जातो. खालीं येण्याची ही सारी क्रिया सुमारें पाव सेकंदांत आटोपते. काठी व चेंडू यांचा स्पर्श तर सेकंदाच्या सुमारें दोन हजाराव्या भागाइतकाच. मध्येंच कांहीं सुधारूं म्हटल्यास अवसरच नसतो. जें सुधारावयाचें तें आधीं, पवित्र्यांतच.

‘डोकें खालीं ठेवा’ हा उपदेश सर्वत्र ऐकूं येतो. दृष्टि चेंडूवर असावी हें खरें; परंतु टोला गेल्यावरहि मान आंवळून धरली तर छाती वळावयाची थांबते व पाठीस हिसका बसतो. चेंडू सुटल्यावर डोकें शरीराबरोबर वळूं द्यावें. फेरा संपतां छाती लक्ष्याकडे, भार डाव्या पायावर आणि उजवी टांच वर असावी. त्या स्थितींत तीन अंक मोजेपर्यंत न डगमगतां उभें राहतां आलें तर तोल साधला असें मानावें.

हा विचार केवळ चेंडू दूर जावा म्हणून करावयाचा नाहीं. गोल्फ खेळणारांच्या दुखण्यांत कमरेचें दुखणें अग्रभागीं आहे. टायगर वुड्ससारख्या अद्वितीय खेळाडूच्या पाठीवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या; २०१७ सालीं त्याच्या कण्याच्या तळचा सांधा कायमचा जोडावा लागला. त्यानंतर २०१९ सालीं त्यानें मास्टर्स स्पर्धा जिंकली, ही गोष्ट विलक्षण खरी. परंतु सहा दिवस कचेरींत खुर्चीवर बसणाऱ्या आणि रविवारीं सकाळीं एकदम शंभर टोले मारणाऱ्या गृहस्थानें तिच्यावर विसंबूं नये. त्यानें आधीं दहा मिनिटें चालावें, खांदे व खुबे मोकळे करावेत आणि चेंडूवांचून कांहीं फेरे सावकाश घ्यावेत. आपल्या तालमींत मुद्गल फिरविण्याची जुनी चाल आहे. हलक्या मुद्गलांनीं खांदे व छाती मोकळी होते. मात्र कमरेंत कळ येत असेल किंवा ती पायांत उतरत असेल, तर काठी खालीं ठेवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

ज्यांस गोल्फशीं कर्तव्य नाहीं, त्यांनींहि पवित्र्याचा हा पाठ टाकून देऊं नये. भरलेली बादली उचलतांना, पलंगाखालची पेटी ओढतांना किंवा लहान मूल कडेवर घेतांना वांकावयाचें तें खुब्यांतूनच. उद्यां सकाळीं पहिल्यांदा वांकण्याचा प्रसंग येईल तेव्हां पाठीवरच्या त्या काठीची आठवण करावी, एवढीच विनंति.