गोधडीचा धंदा बंद केला, गोधडी नाही

राणीसावरगावच्या आमच्या वस्तीतल्या बायकांनी गोधडीचा धंदा बंद केला, हे गंगाखेडला कळले तेव्हा ओळखीच्या कार्यकर्त्यांनी एकच विचारले, "चांगला चाललेला रोजगार का मोडला?" प्रश्न रास्त आहे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वेठबिगार सोसली, त्याच्या लेकींनी हातचा पैसा सोडायचा, हे कानाला खटकतेच. म्हणून हिशेबासकट सांगत आहोत.

आधी गोधडीबद्दल. उन्हाळ्यात शेतीची कामे थांबली की जुनी लुगडी, धोतरे, पोरांचे शर्ट धुऊन वाळवायचे, उसवून सारखे करायचे. खाली एक अखंड लुगडे, मध्ये फाटक्या कपड्यांचे थर, वर ठिगळे. कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत येतो. दोघी-तिघी समोरासमोर बसतात. कोणाची सासू, कोणाचा दवाखाना, कोणाच्या पोरीचे स्थळ, सगळे त्या अंगणात निघते. आमच्यापैकी अनेकींना त्या दुपारी सोडल्या तर वर्षभरात स्वतःची अशी वेळच नव्हती.

२०२१ मध्ये बचत गटाच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले, शहरात या गोधड्यांना भाव आहे. आम्ही समाजकार्य करणारे, आम्हीच सर्वांत आधी उचल खाल्ली. मोबाइलवर फोटो टाकले, मागणी आली, सात जणी कामाला लागल्या. पहिल्या पैशाचा आनंद खरा होता, तो नाकारत नाही.

मग शहरातल्या एका व्यापाऱ्याच्या अटी आल्या. ग्राहकाला जुने कापड चालत नाही, नवेच सुती घ्या. माप एकच, रंग सांगू तेच, टाके सरळ रेषेत. म्हणजे आईच्या लुगड्याची गोधडी विकता येत नाही, ताग्यातल्या कापडाची येते. अंगणातल्या गप्पा थांबल्या, कारण बोलता बोलता टाका वाकडा गेला तर माल परत. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला बसलेल्या बायांच्या मनातही उद्याचे पार्सल असायचे.

आता हिशेब. एका गोधडीचे १,४०० रुपये मिळत. कापड-दोरा ४५०, पाठवणी १५०. उरले ८००. शिवायला ६० तास, म्हणजे आठ तासांचे साडेसात दिवस. दिवसाला जेमतेम १०७ रुपये पडले. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. भाव वाढवून पाहिला, तर गिऱ्हाईक यंत्रावर शिवलेल्या मालाकडे वळले. हा हिशेब आम्ही तीन वर्षे मांडलाच नव्हता, कारण घरबसल्या केलेल्या कामाचे तास मोजायची आपल्याला सवय नाही. समाजशास्त्राची पदवी घेतलेल्यांनाही नाही, हे कबूल करायला हवे.

पण पैसा कमी पडला एवढेच कारण नव्हते. धंदा मंद असतानाही कोणी घरासाठी गोधडी घेऊन बसेना. सुई हातात घेतली की डोके दुखते, असे एक मावशी म्हणाल्या. याचा खुलासा एका जुन्या प्रयोगात सापडतो. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रे काढायची आवड असलेल्या मुलांना घेतले. काहींना आधीच सांगितले, चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिले, काहींना काहीच नाही. पुढच्या आठवड्यांत, बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ रंगांकडे वळली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नाही. आमच्याकडेही असेच होते. शेजारणीला गोधडी शिवून दिली आणि तिने नंतर पायलीभर ज्वारी आणून दिली, तर त्याने कोणाचे मन उडत नाही. मन उडते ते बोलीने.

इथे एक धोका आहे. "आवडीचे काम आहे, पैसे कशाला?" हे वाक्य वरच्यांनी खालच्यांना आणि पुरुषांनी बायकांना नेहमीच ऐकवले आहे. आमचे म्हणणे ते नाही. दुसऱ्याच्या हुकुमाने फुकट राबणे ही वेठ. आपल्या मर्जीने, आपल्या वेळेत, कोणाला उत्तर न देता केलेले काम हा छंद. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात यंत्रयुगाची बाजू मांडली ती याच मुद्द्यावर: माणसाला फुरसत मिळाल्याशिवाय सुसंस्कृत जगणे शक्य नाही. मजूरमंत्री म्हणून त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आणि स्वतः उतारवयात ते व्हायोलिन शिकले, चित्रे काढली. त्यातून कमाई करायचा विचार त्यांनी केला नाही.

बंद करताना घाई केली नाही. हातातल्या पाच गोधड्या दिवाळीपर्यंत पुऱ्या करून दिल्या, तिघांचा इसार परत केला, गटाच्या कर्जाचे उरलेले दोन हप्ते सोयाबीनच्या मजुरीतून फेडले. सातपैकी दोघींनी धंदा सोडला नाही. एकीचे घर त्यावरच चालते. तिने गोधडी सोडून शिलाई मशीनवर बाळाची दुपटी शिवायला घेतली, त्यात तास कमी लागतात. ज्यांचे घर अशा कामावर उभे आहे त्यांना आमचा कित्ता गिरवा असे सांगणार नाही. त्यांच्यासाठी भाव आणि तास यांवर भांडायला हवे, ते काम चालू आहे.

यंदा वैशाखात विहाराच्या ओट्यावर पाच जणी पुन्हा बसल्या. एकीने वारलेल्या सासूचे हिरवे लुगडे आणले होते. मगधातल्या शेतांचे बांध पाहून आनंदाने ठिगळांच्या चीवराची रचना केली, ही विनयपिटकातली गोष्ट निघाली तेव्हा एक आजी हसून म्हणाल्या, "म्हंजी भंतेबी गोधडीच शिवत व्हते की!" त्या हसण्यात दोन टाके वाकडे गेले. उसवायला कोणी सांगितले नाही.